जेट बोटीला ‘कान’ बसवताना

मासे शोधणारे यंत्र, म्हणजेच फिश फाइंडर, विकत घेताना ग्राहकाचे लक्ष हमखास पडद्याकडे जाते. पडदा किती इंचांचा, चित्र किती स्वच्छ, सोबत नकाशा मिळतो की नाही, याची चौकशी दुकानात बारकाईने होते. त्याच खोक्यात काळ्या प्लास्टिकचा, मुठीत मावेल एवढा एक तुकडा लांबलचक वायरीसह गुंडाळून ठेवलेला असतो. त्याचे नाव ट्रान्सड्यूसर. पाण्यात राहून आवाज सोडणारा आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपणारा हा तुकडा म्हणजे त्या यंत्राचा कान होय. तो चुकीच्या जागी बसला, तर कितीही महागडा पडदा नुसत्या ठिपक्यांची रांगोळी दाखवत राहतो. पंख्याच्या साध्या बोटीवर या कानासाठी जागा शोधणे फारसे अवघड नाही. जेट बोटीवर मात्र ते विलक्षण कटकटीचे काम ठरते. शिवाय तेथे जागा चुकली तर नुकसान केवळ माशांच्या चित्राचे होत नाही, बोटीवरचा ताबाही सुटू शकतो.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्या, अमेरिकेत आयडाहो आणि ओरेगन यांच्या सीमेवरील स्नेक नदीची हेल्स कॅनियन ही खोल दरी, कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाचे नदीपात्र, अशा ठिकाणी गळाने मासे पकडणाऱ्या हौशी मंडळींमध्ये जेट बोट लोकप्रिय आहे. आपल्याकडे नदीवर अशी बोट सहसा दिसत नाही. मात्र तारकर्ली किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी वॉटर स्कूटर बहुतेकांनी पाहिलेली असते. तिचे चालन याच तत्त्वावर होते. भारतीय नौदलातील ‘कार निकोबार’ वर्गाच्या गस्ती नौकाही जलधारेच्याच जोरावर धावतात.

मेंढपाळाची बोट

या बोटीचा जन्म नदीच्या गरजेतून झाला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आल्प्सच्या रांगेतून उतरणाऱ्या वायमाकारिरी, राकाया, रांगिताता या नद्या मैदानात आल्या की वेणीच्या पेडांप्रमाणे अनेक धारांमध्ये विभागल्या जातात. पात्र प्रचंड रुंद, पण प्रत्येक धार उथळ आणि तळाशी गोटेच गोटे. पंख्याची बोट अशा पाण्यात घातली तर पहिल्याच वळणावर पंख्याची पाती तुटायची. आयरिशमन क्रीक येथे मेंढ्यांचे विस्तीर्ण कुरण असलेले बिल हॅमिल्टन (१८९९-१९७८) यांनी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात या अडचणीवर तोडगा शोधायला घेतला. पंखा बोटीच्या बाहेर न ठेवता पोटात घ्यायचा, बुडाला भोक पाडून पाणी आत ओढायचे आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचे, ही मूळ कल्पना त्यांची नव्हती. तसा दावाही त्यांनी कधी केला नाही; तो मान ते आर्किमिडीजला देत. परंतु पाण्याखाली बाहेर पडणारी धार पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणली, तर बोटीचा वेग कितीतरी वाढतो आणि पाण्याखाली अडकण्यासारखे काहीच उरत नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. १९६० मध्ये या बोटी अमेरिकेतील ग्रँड कॅनियनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या.

भारतीयांच्या दृष्टीने या बोटीचा सर्वात परिचित प्रवास १९७७ मधला आहे. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनी त्या वर्षी ‘सागर ते आकाश’ ही मोहीम आखली आणि गंगेच्या मुखापासून हिमालयाकडे तीन जेट बोटी हाकल्या. ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’ अशी त्यांची नावे होती. बिल हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन हे त्या मोहिमेत चालक होते. अखेर नंदप्रयागजवळ एका धबधब्याने बोटींची वाट अडवली आणि उरलेला प्रवास पायी झाला.

सुकाणू नसलेली बोट

ट्रान्सड्यूसरचा प्रश्न समजून घ्यायचा, तर या बोटीच्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे तिचे पाणी घेण्याचे तोंड. बुडाच्या मागच्या भागात, बरोबर मध्यावर, जाळी लावलेली एक लांबट पोकळी असते. इंजिनाने फिरणारा आतला पंखा, म्हणजे इम्पेलर, या तोंडातून पाणी खेचतो. पंपाला जे हवे असते ते निखळ पाणी. पाण्याबरोबर हवा आली की इम्पेलरला ढकलायला काही राहत नाही. इंजिन एकदम मोकळे होऊन घुमू लागते आणि मागची धार दुबळी पडते. म्हणूनच जेट बोटीच्या बुडाला मध्यावर बाहेर आलेला कणा ठेवत नाहीत, अथवा तो या तोंडाच्या बराच अलीकडे संपवतात. बुडावर लांबीच्या दिशेने ज्या पट्ट्या असतात, त्यांचीही तीच कथा. तोंडाच्या पुढे काहीही बाहेर आलेले असले, की त्याच्या मागे भोवरा तयार होतो आणि त्या भोवऱ्यातून हवा आत जाते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जेट बोटीला सुकाणू नसते. मागच्या धारेचे तोंड डावीकडे-उजवीकडे वळवून बोट वळवली जाते. धार आहे तोपर्यंत बोट चालकाचे ऐकते, धार गेली की ती नुसती घसरत जाते. नवख्या चालकाची स्वाभाविक प्रतिक्रिया संकटात वेग कमी करण्याची असते. जेट बोटीवर नेमके तेच घातक ठरते, कारण इंजिन सोडले की वळण्याची शक्तीही संपते. मग पंपाच्या तोंडापुढे कोणी हौसेने एखादा प्लास्टिकचा तुकडा स्क्रूने बसवला, त्याच्यामागून बुडबुड्यांची माळ तोंडात गेली आणि वळणावर, समोर खडक असताना धार क्षणभर तुटली, तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. जेट बोटीवर ट्रान्सड्यूसर कुठे बसवू नये, याचे पहिले उत्तर म्हणूनच निर्विवाद आहे. पंपाच्या तोंडापुढे, त्याच्या रेषेत, काहीही बसवायचे नाही.

प्रतिध्वनीचे गणित

आता यंत्राकडे वळू. विशिष्ट स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच्या उलट, वीज दिली की असा स्फटिक थरथरतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लान्जव्हॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही थरथर पाण्यात सोडून पाणबुड्यांचा माग काढण्याची पद्धत विकसित केली. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये तेच तत्त्व मासेमारीला जुंपले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कार्ल लोरन्स यांनी लहान होडीत नेता येईल अशी पेटी हौशी मच्छीमारांसाठी बाजारात आणली. आज कोकणातल्या यांत्रिक नौकांवर तांडेलाच्या समोर जो पडदा असतो, तो याच घराण्यातला.

ट्रान्सड्यूसर आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच स्वराचा एक ठोका खाली सोडतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर वेगाने धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. तळ १० मीटरवर असेल तर आवाज जाऊन-येऊन २० मीटर अंतर कापतो आणि त्याला सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग लागतो. हा वेळ मोजून यंत्र खोली काढते. खोल समुद्रासाठी ५० किलोहर्ट्झसारखी खालची कंप्रता वापरतात. नदी-तलावाच्या उथळ पाण्यात २०० किलोहर्ट्झ किंवा त्याहून वरची कंप्रता अधिक बारीक तपशील देते. आवाज टॉर्चच्या झोताप्रमाणे शंकूच्या आकारात पसरतो. २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर सुमारे साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो. ६० अंशांचा शंकू त्याच खोलीवर साडेअकरा मीटरचे. मासा या शंकूच्या कडेने आत शिरतो तेव्हा त्याचे अंतर जास्त भरते, मध्यावर ते कमी होते आणि बाहेर पडताना पुन्हा वाढते. पडद्यावर माशाची जी प्रसिद्ध कमान उमटते, ती अशी.

या सगळ्यात मासा दिसतो तो मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे. पाणी आणि हवा यांची घनता इतकी भिन्न आहे, की दोहोंच्या सीमेवर आदळलेला आवाज जवळजवळ संपूर्ण परत फिरतो. मच्छीमाराला उपयोगी पडणारा हाच गुणधर्म बोटीवर यंत्र बसवणाऱ्याच्या मुळावर येतो. ट्रान्सड्यूसरच्या तोंडाखालून बुडबुड्यांचा एक पातळ थर जरी वाहत असला, तरी आवाज तिथेच अडतो आणि तळापर्यंत पोहोचतच नाही. धावत्या बोटीवर ‘तळ हरवला’ अशी जी तक्रार असते, तिचे कारण बहुतेक वेळा बुडबुडे हेच असते. यंत्र मात्र नाहक बदनाम होते.

तीन पर्याय, त्यांतला एकच सोयीचा

ट्रान्सड्यूसर बसवण्याच्या रूढ पद्धती तीन आहेत. मोठ्या मच्छीमार नौकांवर बुडाला आरपार भोक पाडून तो बसवतात. खडकाळ नदीत वीतभर पाण्यावरून जाणाऱ्या बोटीला ही पद्धत मानवत नाही, कारण बुडाबाहेर आलेला भाग पहिल्या गोट्यालाच भेटणार. त्यातही बोट ॲल्युमिनियमची असेल आणि आरपार जाणारा नग पितळी वा काशाचा असेल, तर दोन भिन्न धातू पाण्यात एकत्र आल्याने ॲल्युमिनियम कुरतडले जाते.

दुसरी पद्धत बोटीच्या आतून, बुडावरच इपॉक्सीने ट्रान्सड्यूसर चिकटवण्याची. आवाज फायबरच्या भरीव थरातून आरपार जातो. बाहेर काहीच येत नाही, त्यामुळे पंपाला त्रास नाही आणि दगडाचे भय नाही. फायबरची जेट बोट असेल तर प्रस्तुत लेखकाच्या मते याहून उत्तम उपाय नाही. मात्र फायबरच्या दोन थरांमध्ये फोम अथवा लाकूड भरलेले असेल, तर आवाज तिथेच मरतो. चिकटवताना इपॉक्सीत हवा राहिली तरी तोच परिणाम. म्हणून कायमचे चिकटवण्याआधी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर ट्रान्सड्यूसर टेकवून ती जागा तपासतात. बोट पाण्यावर उचलली गेल्यावरही जो भाग ओला राहतो, म्हणजे बुडाचा साधारण मागचा तिसरा हिस्सा, तिथेच ही जागा हवी. जेट बोटीत नेमक्या त्याच हिश्श्यात इंजिन आणि पंप ठाण मांडून बसलेले असतात, त्यामुळे हात घालायलाही जागा अपुरी पडते. शिवाय आतून बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्याचे तापमान सांगू शकत नाही. तो बुडाचे तापमान सांगतो. ट्राउट आणि सामनच्या मागे असलेल्यांना तापमान महत्त्वाचे वाटते, त्यांच्यासाठी ही उणीव लहान नाही.

परंतु नदीवरच्या जेट बोटी मोठ्या संख्येने वेल्डिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. गोट्यांवरून खरडत गेल्या तरी त्या फुटत नाहीत, फार तर पोचा पडतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून मात्र आवाज नीट पार होत नाही. म्हणजे उरते ती तिसरी पद्धत, मागच्या उभ्या फळीवर कंसाच्या आधाराने ट्रान्सड्यूसर टांगण्याची. या फळीला ट्रान्सम म्हणतात. ती पंपाच्या तोंडाच्या मागे असल्याने तिथून उठणारे बुडबुडे पंपात जाण्याचा प्रश्न येत नाही, हा तिचा सर्वात मोठा गुण.

चिमटीतली जागा

फळीवर नेमके कुठे, हा खरा प्रश्न. पंख्याच्या बोटीसाठी पुस्तिकांमध्ये ठोकताळे दिलेले असतात. पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर दूर आणि पंखा उजवीकडे फिरणारा असल्यास फळीच्या उजव्या बाजूला, इत्यादी. जेट बोटीवर हे ठोकताळे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. फळीच्या मध्यावर धारेचे तोंड बाहेर आलेले असते आणि पंपाने खेचून घेतल्यामुळे तिथले पाणी अगोदरच ढवळलेले असते. म्हणून मध्यापासून दूर जायला हवे. फार दूर, थेट कडेला गेले, तर बोट वेगात उचलली जाताच बुडाची ती कड पाण्याबाहेर येते आणि ट्रान्सड्यूसर हवेत लटकतो. वळणावर तर ती हमखास येते. बुडावरच्या लांब पट्ट्या, खिळ्यांच्या रांगा, पाणी बाहेर टाकणारी भोके यांच्या बरोबर मागची रेषाही टाळावी लागते, कारण त्या प्रत्येकाच्या मागे बुडबुड्यांची शेपटी असते.

आणखी एक अडथळा फक्त जेट बोटीलाच आहे. मागे जाण्यासाठी पंप उलटा फिरवत नाहीत. धारेच्या तोंडावर एक वाकडे झाकण उतरते, त्याला ‘बकेट’ म्हणतात. ते धारेला खाली आणि पुढच्या दिशेला वळवते. त्या क्षणी फेसाळ पाण्याचा जबरदस्त लोट बोटीच्या बुडाखाली घुसतो. ट्रान्सड्यूसर त्या लोटाच्या तडाख्यात असेल, तर मागे जाताना चित्र जाणे समजण्यासारखे आहे. पण काही महिन्यांत कंसही खिळखिळा होतो. बकेट वर-खाली होताना तिचा सांधा ट्रान्सड्यूसरला वा वायरीला घासणार नाही, हे जमिनीवर असतानाच हाताने फिरवून बघणे श्रेयस्कर.

एवढे सगळे वगळल्यावर मध्य आणि कड यांच्या दरम्यान चिमटीत सापडावी एवढीच जागा शिल्लक राहते. ती कागदावर ठरवण्यापेक्षा पाण्यावर बघून ठरवलेली बरी. एकाने बोट चालवावी आणि दुसऱ्याने मागे सुरक्षित बसून फळीखालून निघणारे पाणी न्याहाळावे. जिथे पाणी काचेसारखे सलग निघते, फेसाचा पांढरा पट्टा नसतो, ती जागा खडूने खुणावून घ्यावी. पुस्तिकेतल्या आकृतीपेक्षा ही खडूची खूण अधिक विश्वासार्ह असते, कारण प्रत्येक बोटीच्या बुडाचा स्वभाव निराळा.

भोक पाडण्यापूर्वी

अनुभवी कारागीर फळीला थेट भोके पाडत नाहीत. आधी जाड प्लास्टिकची एक पाटी फळीवर कायमची बसवतात आणि ट्रान्सड्यूसरचा कंस त्या पाटीवर स्क्रूने पक्का करतात. पुढे कंस चार बोटे सरकवावा लागला किंवा यंत्रच बदलले, तर नवी भोके पाटीला पडतात, बोटीला नाही. पाण्याच्या पातळीखाली पाडलेले प्रत्येक भोक ही भविष्यातल्या गळतीची शक्यता असते. ज्या स्क्रूंना फळीत जावेच लागते, त्यांच्या भोकांत समुद्री वापराचे सीलंट भरून मगच ते आवळतात. ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घालतानाही दोन धातूंमध्ये सीलंट अथवा संरक्षक लेप असणे आवश्यक, विशेषतः बोट खाऱ्या पाण्यातही नेली जात असेल तर.

मग उंची. ट्रान्सड्यूसरचे तोंड बुडाच्या पातळीच्या किंचित खाली यावे लागते. फायबरच्या बोटीवर साधारण ३ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमच्या बोटीवर साधारण १० मिलिमीटर, असे उत्पादकांचे सांगणे असते. यापेक्षा वर राहिला तर बुडाला चिकटून येणारे बुडबुडे त्याच्या तोंडावरून जातात. फार खाली गेला तर तोच पाणी फाडू लागतो, मागे फवारा उडतो आणि दगडाला आयतेच निमंत्रण मिळते. बोट वेगात असते तेव्हा तिचा पुढचा भाग उचललेला असतो, हे लक्षात घेऊन धावत्या स्थितीत तोंड सरळ खाली राहील असा कोन द्यायचा. कंसाला लांबट खाचा असतात त्या यासाठीच.

दगडाचा प्रश्न तरीही राहतोच. त्यावर दोन उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे आदळताच वर उडणारा, बिजागरीचा कंस. ठोकर बसली की ट्रान्सड्यूसर वर उचलला जातो, तुटत नाही. नंतर हाताने खाली ढकलायचा. दुसरा उपाय वेल्डिंगवाल्याचा आहे. फळीच्या तळाशी ट्रान्सड्यूसरच्या मापाचा खोलगट खण करून घेतात आणि त्याचे तोंड बुडाच्या जवळजवळ सपाटीला आणतात. दगड बुडाला लागतो, ट्रान्सड्यूसर बचावतो. वेगातले चित्र यात थोडे कमी प्रतीचे मिळते. नदीच्या बोटीसाठी हा सौदा वाईट म्हणता येणार नाही. हल्ली डावी-उजवीकडचे चित्र दाखवणारे लांबुळके ट्रान्सड्यूसरही मिळतात. त्यांना दोन्ही बाजूंना मोकळी नजर लागते, त्यामुळे ते खणात दडवता येत नाहीत आणि खडकाळ नदीत फार दिवस टिकतही नाहीत.

वायरींचा गोंगाट

अनेक जेट बोटींवर मोटारीचे मोठे पेट्रोल इंजिन असते आणि त्याच्या ठिणगीच्या वायरी विजेचा भरपूर गोंगाट करतात. ट्रान्सड्यूसरची वायर त्यांच्यापासून लांब, शक्यतो बोटीच्या दुसऱ्या कडेने न्यावी. ती लांब पडते म्हणून कापून जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा, उरलेली वायर गुंडाळून ठेवावी. ही वायर अतिशय क्षीण संकेत वाहते आणि जोड दिलेल्या ठिकाणी गोंगाटाला वाट मिळते. यंत्राला वीज थेट बॅटरीवरून, पुस्तिकेत सांगितलेल्या क्षमतेच्या स्वतंत्र फ्यूजमधून द्यावी. पाणी उपसणारा पंप, दिवे, रेडिओ यांच्या सामायिक तारेवर ते जोडले, तर त्या प्रत्येकाची खरखर पडद्यावर उमटते.

नव्या ट्रान्सड्यूसरच्या तोंडाला सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घेण्याची एक साधी रीत आहे. नव्या प्लास्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे चिकटून राहतात, साबणामुळे ते सुटतात. दहा पैशांचे काम, पण पहिल्याच फेरीत यंत्र दुकानात परत नेण्याची वेळ टळते.

चाचणी कशी घ्यावी

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून, बोट तरंगत असताना. तळाची रेघ स्वच्छ दिसली तर यंत्र आणि ट्रान्सड्यूसर ठीक. इंजिन बंद असतानाच दिवे, उपसा पंप, रेडिओ एकेक करून सुरू करावेत. कोणत्या क्षणी पडद्यावर रेघोट्या आल्या त्यावरून दोषी सापडतो. त्यानंतर इंजिन.

इथे जेट बोटीची एक खोच आहे. पंख्याच्या बोटीत गिअर मोकळा ठेवून इंजिन रेटता येते, म्हणजे पंखा न फिरवता विजेचा गोंगाट वेगळा काढता येतो. बऱ्याच जेट बोटींमध्ये पंप इंजिनाला थेट जोडलेला असतो. बकेट अर्धी उतरवून बोट जागेवर उभी करता येते, पण पंप फिरतच राहतो आणि फेसही होतच राहतो. त्यामुळे पडद्यावरचा गोंधळ विजेचा की बुडबुड्यांचा, हे कळत नाही. यावर उपाय असा, की फिश फाइंडर काही वेळ वेगळ्या, सुट्या बॅटरीवर चालवून पाहायचा. गोंधळ गेला तर दोष वीजपुरवठ्याच्या वायरिंगमध्ये. तसाच राहिला तर ट्रान्सड्यूसरची वायर यंत्रापासून काढून पाहायची. वायर काढताच पडदा शांत झाला, तर गोंधळ ट्रान्सड्यूसरकडून येत आहे. मग त्याची वायर ठिणगीच्या तारांपासून दूर हलवून पाहावे; तरीही फरक पडला नाही, तर बुडबुडे गृहीत धरून जागा आणि उंची पुन्हा तपासावी. इंजिन बोटीसह पाण्याबाहेर काढून रेटण्याचा प्रयोग मात्र करू नये, कारण पंपाच्या आतील काही भागांना पाण्याचेच वंगण असते.

शेवटी वेग. टप्प्याटप्प्याने वेग वाढवत न्यावा आणि कोणत्या वेगाला तळ हरवतो ते लिहून ठेवावे. कंस तीन-तीन मिलिमीटर खाली घेत पुन्हा तीच फेरी मारावी. दोन-तीन फेऱ्यांत सुधारणा झाली नाही, तर उंचीचा नाद सोडून जागा बदललेली बरी.

पडद्याला पुढचे दिसत नाही

हे सगळे व्यवस्थित झाले, की एक नवा धोका निर्माण होतो आणि तो चालकाच्या मनात असतो. समोर खोलीचा आकडा झळकू लागल्यावर त्याच्या भरवशावर उथळ धारेत शिरावेसे वाटते. साधा हिशेब मांडून पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने बोट सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. ट्रान्सड्यूसर आहे बोटीच्या मागच्या टोकाला आणि तो पाहतो सरळ खाली. पडद्यावर एखादा खडक उगवतो, तेव्हा अख्खी बोट त्याच्यावरून गेलेली असते, किंवा गेलेली नसते. शिवाय आवाजाचा ठोका सोडल्यावर स्फटिकाची थरथर थांबेपर्यंत त्याला काही ऐकू येत नाही, त्यामुळे फार उथळ पाण्यात, अर्ध्या-पाऊण मीटरपेक्षा कमी खोलीवर, अनेक यंत्रांचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. जेट बोटीचे राज्य तर त्याहून कमी पाण्यावर असते. म्हणजे जिथे धोका सर्वाधिक, तिथे हे यंत्र जवळपास आंधळे.

न्यूझीलंडच्या आणि आयडाहोच्या जुन्या चालकांना यात नवे काही नाही. ते पाणी डोळ्यांनी वाचतात. पृष्ठभागावरच्या गुळगुळीत फुगवट्याखाली खडक आहे, दोन फेसांच्या मध्ये जिभेसारखी निमुळती होत गेलेली सपाट धार म्हणजे खोल वाट आहे, बारीक लाटांची खडबड म्हणजे उथळ गोटे आहेत, ही त्यांची बाराखडी. फिश फाइंडर त्यांच्या उपयोगी पडतो तो वेग संपल्यावर. खळखळाटाखालच्या शांत डोहात इंजिन मंद करून किंवा बंद करून बोट वाहू द्यायची आणि तळाचा उतार कुठे तुटतो, सामन कोणत्या थराला उभे आहेत, हेल्स कॅनियनसारख्या ठिकाणी तळालगत राहणारे स्टर्जन कोणत्या खळग्यात आहेत, हे पाहायचे. अशा वेळी पंप शांत असतो, बुडबुडे विरलेले असतात आणि अगदी साध्या यंत्रावरही तळाची रेघ ठळक उमटते.

त्यामुळे नदीची बोट असणाऱ्याने भर वेगातल्या चित्रासाठी फारसा खर्च आणि खटाटोप न करता, चटकन काढता-घालता येणारा कंस घेतलेला बरा. पाणी उतरलेल्या हंगामात उथळ धारेतून वर जाताना ट्रान्सड्यूसर उचलून घ्यायचा आणि डोह आला की पुन्हा खाली सोडायचा. वायरीला त्यासाठी फळीजवळ हातभर ढील ठेवावी लागते, एवढेच.